न्हावा-शेव्याची वाट आणि फटफटीचा दम

न्हावा-शेवा हे नाव आता इतके जोडून उच्चारले जाते की, ते एकाच गावाचे नाव असावे असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः ही दोन गावे. न्हावा निराळा आणि शेवा निराळा, मध्ये खाडी. एकाच मांडवात लग्न लागलेल्या दोन भावांप्रमाणे सरकारी कागदांनी त्यांची नावे एका ओळीत बसवली, आणि पुढे जगभरच्या जहाजवाल्यांनी ती तशीच उचलली. बंदराला पंडित नेहरूंचे नाव मिळाले, तरी मालाच्या कागदांवर आजही 'न्हावा शेवा' असेच छापून येते.

हे मी ठासून सांगू शकतो, कारण आयुष्याची तीस वर्षे मी हे नाव टंकलिखित करण्यात घालवली आहेत. फोर्टातल्या एका मालवाहतुकीच्या कचेरीत मी कारकून होतो. हांबुर्गहून निघालेली यंत्रे, दुबईहून निघालेले खजूर, शांघायहून निघालेली खेळणी, सगळ्यांच्या कपाळी शेवटी मी 'न्हावा शेवा' लिहीत असे. निवृत्त झाल्यावर एके दिवशी मनात आले की, हे गाव आपण एकदा डोळ्यांनी पाहावे. माझ्या हातून हजारो पेट्या जिथे गेल्या, तिथे मी स्वतः कधी पोचलोच नव्हतो.

मुंबईच्या माणसाला न्हावा-शेव्याला जाणे आता अवघड उरलेले नाही. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते चिर्ले असा अटल सेतू खुला झाला. त्याची लांबी 21.8 किलोमीटर; त्यांतले सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलगाडीही गेली, आणि त्या मार्गावर न्हावा-शेवा नावाचे स्टेशनसुद्धा झाले. परंतु आमचा बेत ठरला तो भाच्याच्या मोटारसायकलवरून जाण्याचा, आणि अटल सेतूवर दुचाकीला मज्जाव आहे. तेव्हा जुनी वाट धरणे आले. वाशीहून बेलापूर, तिथे किल्ल्याच्या अंगाने आम्र मार्ग, पनवेलची खाडी ओलांडून उलवे, मग गव्हाण फाटा आणि जासई. मला विचाराल तर गाव पाहायला निघालेल्याने हीच वाट धरावी. सेतूवरून जाणारा माणूस पोचतो लवकर. पण वाटेत त्याला भेटत कोणी नाही.

भाच्याची गाडी म्हणजे कार्बोरेटरच्या जमान्यातली बुलेट. ह्या गाडीचा वंश मोठा आहे. मूळची ती इंग्लंडातल्या रेडिचची. 1955 साली मद्रासमध्ये तिचा कारखाना निघाला, आणि सरहद्दीवरच्या लष्करापासून गावच्या दूधवाल्यापर्यंत सर्वांनी तिला आपलेसे केले. भाच्याने ती जुन्या बाजारात घेतलेली. खंडेनवमीला तिची पूजा व्हायची म्हणून त्याच्या आदल्या रविवारी स्वारीने घरच्या घरीच तिची सर्व्हिसिंग केली. मोबाइलवर कोणाचे तरी चलच्चित्र लावले होते आणि अंगणात वर्तमानपत्रावर नटबोल्ट मांडले होते. प्लग साफ झाला, हवेची जाळी धुतली गेली, साखळीला तेल मिळाले, ब्रेक आवळले, ऑइल बदलले आणि टाकीला असे पॉलिश चढले की आमच्या भगिनीने तीत पाहून कुंकू लावावे. टाकीच्या झाकणातून पेट्रोलचा थेंब पाझरून पॉलिशवर डाग पडतो, म्हणून जुन्या ट्यूबचा रबरी वॉशर कापून त्याने झाकणात बसवला. हे सारे त्याने मला वाटेत अभिमानाने सांगितले. ऐकणाऱ्याने त्यातले काही विसरू नये, म्हणून मी इथे सांगून ठेवतो.

सकाळी सातला आम्ही वाशी सोडली तेव्हा टाकी अर्धी होती. बेलापूरपर्यंत गाडी झकास पळाली. खाडीच्या पुलावर वारा अंगाला झोंबत होता. पलीकडे डाव्या हाताला नव्या विमानतळाचा विस्तार आणि उजव्या हाताला उलव्याच्या इमारतींची गर्दी. जिथे भातखाचरे आणि मिठागरे होती, तिथे आता सोळा-सोळा मजले उभे आहेत. उलव्याच्या मध्यावर गाडीचा दम गेला. बंद पडली नाही. नुसती ओढ गेली. मूठ पिळावी तर इंजिन गुदमरल्यासारखे करी, मागून एखादी फुसकी शिंक देई, आणि मूठ सैल सोडली की कशीबशी चाले.

"पेट्रोल संपत आलं असेल, मामा," भाचा म्हणाला. जवळच पंप होता. टाकी काठोकाठ भरली, आणि काय आश्चर्य! गाडी पुन्हा वाघासारखी निघाली. भाचा खूश झाला. पण दोन-अडीच किलोमीटर गेलो नाही तोच पुन्हा तेच. आता मात्र त्याची खात्री पटली की पंपावाल्याने भेसळीचे पेट्रोल दिले. रस्त्याच्या कडेला उभे राहून त्याने त्या पंपाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दहा मिनिटांनी गाडी सुरू केली तर ठीक! आणखी दोन किलोमीटर झाले. पुन्हा दम गेला.

हे सारे शांत रस्त्यावर घडले असते तर गंमत म्हणून सोडून देता आले असते. पण गव्हाण फाट्यापासून पुढे पनवेलकडची वाहतूक येऊन मिळते, आणि तिथून रस्ता माणसांचा राहत नाही. तो ट्रेलरांचा होतो. चाळीस फुटी पेट्या पाठीवर घेतलेली धुडे एकामागून एक धावत असतात. अशा रांगेत, उड्डाणपुलाच्या चढावर, आमच्या गाडीची ओढ गेली. मागच्या ट्रेलरने जो भोंगा दिला, तो मला अजून ऐकू येतो. ट्रेलर थांबायला वेळ लागतो. त्याच्या पुढ्यात दमलेली फटफटी म्हणजे बैलगाडीपुढे आलेली कोंबडी. भाचा गाडी कडेला घेऊ शकला हे आमचे नशीब. पुलाच्या उतारावर आम्ही गाडी ढकलत आणली आणि जासईच्या नाक्यावर एका टपरीवजा गॅरेजपाशी उभे राहिलो.

मिस्त्री साठीच्या घरातला होता. डोक्यावर पांढरे केस, अंगात तेलकट गंजी, आणि डोळे असे की समोरच्या माणसापेक्षा त्याच्यामागच्या दर्यावर लागलेले असावेत. भाच्याने त्याला पेट्रोलची हकीकत सांगायला सुरुवात केली.

"थांब रं बाळा," तो म्हणाला. "पेट्रोल घ्यायच्या आधी एकदा दम गेला होता ना?"

"हो."

"मग त्या पंपावाल्याला कशाला शिव्या देतोस?"

एवढ्या एका वाक्यात भाच्याचा सारा खटला निकालात निघाला. पुढे मिस्त्रीने जे केले, ते एखाद्या जुन्या वैद्याने नाडी पाहावी तसे होते. त्याने पाने-पकडींना हात लावला नाही. आधी मागच्या चाकाच्या ड्रमवर तळवा टेकवला. ब्रेक अधिक आवळला गेला असेल तर तो धरून राहतो, ड्रम तापतो, आणि गाडीला कोणी मागून ओढून धरल्यासारखे होते. ड्रम गार होता. मग त्याने विचारले, "दम जातो तेव्हा इंजिनाचा आवाज चढतो, का उतरतो?" भाचा म्हणाला, उतरतो. म्हणजे क्लच घसरत नव्हता. क्लच घसरला की इंजिन बोंबलते आणि चाक मात्र जागच्या जागी रेंगाळते. "धूर काळा निघतो?" नाही. म्हणजे हवेची जाळी तेलाने चोंदलेली नव्हती. शिवाय ती चोंदली तर गाडी पहिल्या पावलापासून मंद असते, दहा मिनिटे उभी केल्याने सुधारत नाही. प्लग काढून पाहिला तर त्याचे टोक पांढुरके. इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते आहे, ह्याची ती खूण.

"आता सांग. रविवारी कशाकशाला हात लावलास? सगळं सांग, लाजू नको. गाडीला काय झालंय ते गाडी सांगत नाय. गाडीला कुणी काय केलंय ते विचारायचं."

भाच्याने यादी दिली. वॉशरचे नाव येताच मिस्त्री हसला. "अर्ध्या टाकीवर पंधरा किलोमीटर गेली, आणि भरल्या टाकीवर दोन. बरोबर?" मग तो स्वतः गाडीवर बसला, दास्तान फाट्याच्या दिशेने एक चक्कर मारून आला, आणि गाडी गुदमरू लागली तशी आमच्या पुढ्यात आणून उभी केली. "कान इकडे करा, साहेब," तो मला म्हणाला. मी कान टाकीपाशी नेला. त्याने झाकण फिरवले. सुस्स असा लांब आवाज झाला, जणू कोणी दाबून धरलेला श्वास आत घेतला. गाडी लगेच साफ बोलू लागली.

कारण आता ध्यानात येईल. टाकीतले पेट्रोल आपल्याच वजनाने नळीतून खाली कार्बोरेटरमध्ये उतरते. जेवढे खाली उतरेल, तेवढी जागा भरायला वरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला एक बारीक भोक असते. भाच्याच्या वॉशरने ते बुजवले होते. हवा येईना, तेव्हा टाकीत पोकळी तयार होऊन ती पेट्रोल वरच धरून ठेवू लागली. घरी तांब्यावर तळवा दाबून तो उपडा केला तर पाणी अडते, तसे. टाकी अर्धी रिकामी असली की आतली हवा पुष्कळ, ती विरळ व्हायला वेळ लागतो, म्हणून पंधरा किलोमीटर चालले. टाकी काठोकाठ भरली की आत हवेला जागाच नाही, म्हणून थोडे पेट्रोल जाताच कोंडी झाली. उभे राहिल्यावर वॉशरच्या फटीतून थोडी थोडी हवा शिरे आणि गाडी पुन्हा चाले. पंपावर झाकण उघडले तेव्हा पोकळी आपोआप भरली, आणि त्याचे श्रेय मात्र पेट्रोलला मिळाले! मिस्त्रीने पंचने त्या वॉशरला झाकणाच्या भोकासमोर एक भोक पाडले आणि पन्नास रुपये घेतले. हल्लीच्या नव्या गाड्यांत टाकीची वाफ कोळशाच्या एका डब्यातून फिरवतात, भोकाऐवजी नळी असते. पण ती नळी मुडपली वा चिखलाने बुजली, तरी दुखणे हेच.

"तुम्ही हे इतक्या झटपट ओळखलंत कसं?" मी विचारले.

"बोटीवर शिकलो," तो म्हणाला. "आमच्या बापाची मच्छीमारीची बोट होती. डिझेलच्या टाकीच्या भोकावर खारं पाणी उडायचं, मीठ बसायचं, भोक बुजायचं. भर खाडीत इंजिन दम टाकायचं. रस्त्यावर दम गेला तर माणूस कडेला येतो. ओहोटीला खाडीत गेला तर कुठं येणार? लहानपणीच समजलं, आधी झाकण उघडून बघायचं."

"गाव कोणतं तुमचं?"

त्याने हाताने पश्चिमेकडे दाखवले. दूर क्षितिजावर बंदराच्या क्रेनांच्या माना दिसत होत्या. "शेवा. त्या क्रेनांच्या खाली हाय."

चहा सांगितला गेला, आणि त्याने बोलावे असे मला वाटू लागले. तो फारसा बोलणारा नव्हता. परंतु जे बोलला त्याला इतिहासाची जोड द्यावी लागेल. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ह्या पट्ट्यातल्या आगरी-कोळ्यांच्या जमिनी संपादन होऊ लागल्या. मुंबईच्या जुन्या गोदीत जहाजांची दाटी झाली, म्हणून शेव्याला नवे बंदर आले; 26 मे 1989 रोजी ते सुरू झाले. मधल्या काळात इथे रक्त सांडले आहे. जमिनीला रास्त मोल मिळावे म्हणून जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, आणि 16 व 17 जानेवारी 1984 रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे धोरण त्या लढ्याचे फळ. आज देशातल्या इतर भागांतले प्रकल्पग्रस्त 'साडेबारा टक्के' हा शब्द उच्चारतात, तेव्हा ते ह्या नाक्याचीच आठवण काढत असतात, त्यांना ठाऊक असो वा नसो.

शेव्याच्या कोळ्यांची कथा मात्र ह्याहून निराळी. शेतकऱ्याची जमीन मोजता येते. कोळ्याचा सातबारा पाण्यावर असतो. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसला. नव्या जागेत वाळवी निघाली. घरांची लाकडे, दारे, कपाटे पोखरून निघाली, आणि पुन्हा दुसरीकडे पुनर्वसन करा ही त्या गावची मागणी पिढीभर चालू राहिली. "बाप म्हणायचा, दर्याने घर नेलं असतं तर एका रात्रीत नेलं असतं," मिस्त्री म्हणाला. "ही रोज थोडं थोडं खाते." त्याने बोट विकून गॅरेज टाकले ते तेव्हाच.

"मासे आटले म्हणून?"

"मासे नंतर. आधी पाणी अडलं. भराव पडला, खाडीची तोंडं बुजली. भरतीचं पाणी आत येईना. तिवरं सुकली. बोट न्यायला वाट उरली नाय." मग टाकीकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमच्या ह्या टाकीसारखंच की. वर भोक नसलं तर खाली काय येणार?"

हे गाऱ्हाणे एकट्या मिस्त्रीचे नव्हे. इथल्या कोळीवाड्यांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे हीच तक्रार नेली होती. 2015 साली लवादाच्या पुणे पीठाने 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई द्यावी असा निर्णय दिला. पुढे प्रकरण वरच्या न्यायालयात गेले. कोर्टाचा कागद आपल्या वेगाने चालतो, भरती-ओहोटी आपल्या.

जासई सोडून आम्ही करळ फाट्यापर्यंत गेलो. गाडी आता कुठेही अडत नव्हती. बंदराच्या कुंपणाबाहेरून दिसले तेवढे पाहिले. आत जायला परवाना लागतो, आणि खरे सांगायचे तर बाहेरूनही पुरेसे दिसते. लाल, निळ्या, तपकिरी पेट्यांच्या चळती सहा-सहा मजले उंच. 1956 च्या एप्रिलात अमेरिकेतल्या माल्कम मॅकलीन नावाच्या ट्रकवाल्याने 58 पेट्या एका जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या, तेव्हा हमालांच्या पाठीवरचे पोते कायमचे उतरले. त्या पेटीने जगाचा व्यापार बदलला. इथे 2024-25 ह्या एका वर्षात वीस फुटी पेट्यांच्या हिशेबाने 70 लाखांहून अधिक पेट्यांची ये-जा झाली. माझ्या टंकयंत्रावरची ती दोन अक्षरी गावे एवढा भार उचलत असतील, हे मला कचेरीत बसून कधी उमगले नव्हते. त्या चळतींखाली नेमके कोणाचे अंगण आहे, हे कुठल्याच कागदावर छापलेले नसते.

न्हाव्याला जायला मागे गव्हाणपर्यंत यावे लागते आणि तिथून पश्चिमेला वळावे लागते. शेवा गेला तसा न्हावा गेला नाही. गाव आहे, देवळे आहेत, ओट्यावर जाळी विणणारे म्हातारे आहेत. पण इथेही मोठ्या शेजाऱ्यांची वस्ती झाली. 1974 साली 'सागरसम्राट'ने मुंबई हाय येथे तेल शोधले; त्या समुद्रातल्या फलाटांना पाणी, सिमेंट, लोखंड पुरवण्याचा तळ इथे आहे. खलाशी घडवणारी 'रहमान' ही जुनी संस्थाही इथेच. पांढऱ्या गणवेशातली पोरे रांगेने चालताना दिसली. त्यांच्यातला एखादा उद्या हांबुर्गच्या धक्क्यावर उभा राहून आपल्या गावाचे नाव एखाद्या पेटीवर वाचील.

गावाच्या कडेला अजून तिवरांची दाट राई आहे. ओहोटी लागली होती. चिखलातून तिवराची मुळे बोटाबोटाएवढी वर आली होती, हजारोंनी. चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड मुळे वर काढून श्वास घेते. भाचा वाकून त्यांच्याकडे पाहत राहिला. तो सकाळपासून पहिल्यांदाच गप्प होता. नंतर म्हणाला, "मामा, मिस्त्रीकाकांना विचारायला हवं होतं, अजून कोणती खाडी उघडी आहे."

एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन धक्क्याकडून येत होती. तिलाच त्याने विचारले. तिने पाटी न उतरवताच समोरच्या पाण्याकडे मान हलवली आणि म्हणाली, "ही हाय. भरती सहाला. तेव्हा या, बोटी येतील." आम्ही सहापर्यंत थांबलो. पलीकडे घारापुरीचा डोंगर काळा पडू लागला होता, त्याच्या मागे मुंबईचे दिवे लागत होते, आणि पाणी हळूहळू तिवरांच्या मुळांवर चढत होते. तीन बोटी आल्या. मासळी थोडी होती. पाटीभर बोंबील, काही कोलंबी, दोन चिंबोऱ्या. आम्ही कोलंबी घेतली. भाव कमी करायला भाचा तोंड उघडणार होता, तेवढ्यात मी त्याचा हात दाबला.